नवे ब्रेक पॅड घेण्याआधी जुने नीट पाहा

ब्रेक पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला (डिस्कला) दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, बदलायची वेळ आली की आपण स्पेअर पार्टच्या दुकानात जातो, गाडीचे नाव आणि साल सांगतो, आणि काउंटरवरचा माणूस दोन-तीन खोकी पुढे ठेवून विचारतो, "कंपनीचे देऊ की लोकल?" या प्रश्नाचे उत्तर खोक्यांवर सापडत नाही. ते गाडीतून काढलेल्या जुन्या पॅडवर असते, आणि ते पॅड तोवर गॅरेजच्या भंगाराच्या डब्यात गेलेले असतात. म्हणून मेकॅनिकला पहिली सूचना द्यावी ती हीच, की चारही जुने पॅड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, डावे-उजवे आणि आतले-बाहेरचे अशी खूण करून, बाजूला ठेवावेत.

पॅड बदलायला आले आहेत की नाहीत, हे आधी मोजून ठरवावे. नव्या पॅडवरचा घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. मागची लोखंडी पट्टी सोडून हा थर ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. काही पॅडना एक लहान पत्र्याची जीभ असते; थर संपत आला की ती डिस्कला घासून ब्रेक लावताना चिरका आवाज काढते. चाकाच्या आऱ्यांमधून डोकावल्यास बहुधा बाहेरचाच पॅड दिसतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. दुसरे असे, की पॅड झिजतात तसे टाकीतले ब्रेक ऑइल थोडे खाली जाते. ते पाहून वर तेल भरले, तर नवे पॅड बसवताना पॅडला दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, जादा तेल टाकीबाहेर येते आणि बॉनेटखालचा रंग खराब होतो.

जुने पॅड कसे वाचायचे, हे मला एका फजितीतून कळले. माझ्या हॅचबॅकच्या पुढच्या डाव्या चाकात बाहेरच्या पॅडवर ६ मिलिमीटर थर शिल्लक होता, आतला मात्र लोखंडापर्यंत संपला होता आणि डिस्कवर बोट अडकेल अशी खाच पडली होती. पॅड बदलून जेमतेम १४ हजार किलोमीटर झाले होते. माल हलका होता अशी माझी खात्रीच झाली आणि मी महागडे पॅड घ्यायला निघालो. प्रत्यक्षात दोष पॅडचा नव्हताच. बहुतेक रोजच्या गाड्यांमधला कॅलिपर, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणारा भाग, दोन पिनांवर सरकणारा असतो; पिस्टन आतल्या पॅडला थेट ढकलतो आणि कॅलिपर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून आणतो. माझ्या गाडीतली खालची पिन गंजून इतकी घट्ट बसली होती की ती पान्याने फिरवून काढावी लागली. आधीच्या गॅरेजने पॅड बदलले होते, पण पिना काढून साफ केल्या नव्हत्या. त्या स्थितीत कितीही उंची पॅड बसवले असते तरी त्यांचीही तीच गत झाली असती.

अशा आणखीही खुणा असतात. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झाला असेल, तर कॅलिपर तिरका बसतो आहे किंवा पॅडचे कान, म्हणजे पट्टीची दोन टोके, त्यांना धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये अडकत आहेत. एकाच चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकापेक्षा फार झिजले असतील, तर पिस्टन मागे येत नाही किंवा ब्रेकची रबरी नळी आतून चोंदली आहे, असे समजावे. पृष्ठभागाला काचेसारखी चकाकी आली असेल, थराच्या कडा चुरा होऊन गळत असतील किंवा आरपार भेगा पडल्या असतील, तर मात्र पॅड तापून गेले आहेत, आणि आता त्या गाडीला कोणत्या मिश्रणाचे पॅड लागतात याचा विचार करणे योग्य ठरते.

मिश्रणाचे ढोबळ प्रकार तीन. रेझिन, तंतू आणि भराव-द्रव्ये यांचे सेंद्रिय पॅड आवाज कमी करतात, डिस्कला जपतात आणि थंड असतानाही पहिल्या दाबाला धरतात. पण फार तापले की त्यांची पकड लवकर ढिली पडते. पोलाद, लोखंड, तांबे अशा धातूंचे प्रमाण जास्त असलेले सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता सोसतात, पण आवाज करतात, चाकांवर काळी भुकटी बसवतात आणि डिस्क लवकर खातात. सिरॅमिक पॅडची भुकटी कमी आणि फिकट असते, आवाजही कमी असतो, किंमत मात्र जास्त. शर्यतीसाठीचे पॅड रोजच्या गाडीला घालू नयेत, कारण ते तापल्यावरच नीट धरतात, आणि सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर पहिला ब्रेक लागतो तेव्हा ते थंडगार असतात. माझे मत विचाराल तर शहरात ऑफिसला जाणाऱ्या गाडीला, कंपनीने मुळात दिले होते त्याच जातीचे पॅड घ्यावेत. जास्त कडक म्हणजे जास्त चांगले, हा समज दुकानदारही पसरवतात.

घाटाचे गणित वेगळे आहे, आणि ते एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. माणसांसह १,३०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली, तर सुमारे १८० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. हीच गाडी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरते, तेव्हा ती एक हजार मीटरहून अधिक खाली येते. नुसत्या हजार मीटरचा हिशेब केला तरी ती ऊर्जा सुमारे १२,७०० किलोज्यूल होते, म्हणजे साठच्या वेगावरून ७० वेळा थांबण्याइतकी. त्यातला काही वाटा हवा आणि इंजिन घेतात. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर इंजिनाचा वाटाही पॅड-डिस्कवर येऊन पडतो. ज्या गियरमध्ये चढलो त्याच गियरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम याच हिशेबातून आला आहे. दर आठवड्याला भरलेल्या गाडीने घाट उतरणाऱ्याने जास्त उष्णता सोसणारे पॅड घेणे रास्त आहे. पण त्याआधी घाटात नेमके काय होते ते आठवावे. पेडल घट्ट आहे आणि गाडी मात्र धरत नाही, असे होत असेल तर पॅड तापून सुटत आहेत. पेडलच मऊ होऊन खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळते आहे आणि नवे पॅड त्यावर उपाय नाहीत. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ते हवेतले पाणी शोषत राहते, आणि ठरावीक प्रमाणात पाणी शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा अवघी १५५ अंश आहे. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे.

पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर छापलेल्या ओळीच्या शेवटी बऱ्याचदा 'एफएफ', 'जीएफ' अशी दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर नेहमीच्या तापमानातले घर्षण सांगते, दुसरे तापल्यावरचे. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. जुन्या पॅडवरची अक्षरे पाहून त्याच वर्गाचे पॅड घ्यावेत. मात्र ही अक्षरे पॅड किती टिकेल किंवा किती आवाज करेल, याविषयी काहीच सांगत नाहीत. वर्तुळातले 'ई' आणि आर ९० हा उल्लेख असेल, तर तो पॅड युरोपीय नियमानुसार मूळ पॅडशी ताडून पाहिलेला असतो आणि त्याची कामगिरी मूळच्यापेक्षा १५ टक्क्यांहून कमी-अधिक असून चालत नाही. बॉश, राणे, ब्रेम्बो अशा नावांचे पॅड बाजारात सहज मिळतात. नाव कोणतेही असो, खोक्यावर गाडीच्या पार्ट नंबरशी जुळणारा क्रमांक, एमआरपी आणि अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असल्याचा उल्लेख पाहावा आणि पक्के बिल घ्यावे.

पार्ट नंबर चासी क्रमांकावरून काढून घेणे उत्तम, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना वेगळे कॅलिपर असू शकतात. काउंटरवरच नवा पॅड जुन्याच्या पाठीला पाठ लावून धरावा. पट्टीचा आकार, कानांची रुंदी, पत्र्याच्या जिभेची जागा, पाठीवरची आवाज मारणारी पातळ चकती (शिम), सगळे जुळले पाहिजे. थर पट्टीला चिकटला आहे तिथे नख जाईल अशी फट दिसली किंवा कड नखाने चुरली, तर तो पॅड तिथेच परत करावा.

पॅड नेहमी एका अ‍ॅक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या, दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. डिस्कवर तिची किमान जाडी बहुधा कोरलेली असते. लेथवर घासून ती त्याखाली जाणार असेल, तर डिस्कच बदलावी. पिना साफ करून त्यांना सिलिकॉनचे ब्रेक ग्रीस लावावे, आणि जुनी भुकटी कंप्रेसरच्या हवेने उडवू न देता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

गाडी गॅरेजबाहेर काढण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे, कारण मागे ढकललेला पिस्टन पुढे येईपर्यंत पहिले दोन-तीन दाब पोकळ जातात. मग नवे पॅड डिस्कशी नीट जुळावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, मध्ये थोडे अंतर चालवून डिस्क निवू द्यावी आणि पॅड डिस्कवर दाबून गाडी उभी ठेवू नये. थोडा जळका वास येतो, तो चालतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट आणि भरलेली गाडी टाळावी. रिकाम्या खोक्यावरचा पार्ट नंबर आणि त्या दिवशीचे किलोमीटर सर्व्हिस बुकात लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी जुने पॅड हातात आल्यावर ते किती चालले हे मोजून सांगता येईल.