मार्च मोजायला शिकलो

आमची कंपनी लहान आहे. ओहायोतल्या एका औद्योगिक वसाहतीत पत्र्याची शेड, बावीस माणसं, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचे कंट्रोल पॅनल बनवतो. मी स्वतः इथे मास्टर्सला आलो, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा, मग ओपीटी म्हणजे शिक्षणानंतर त्याच व्हिसावर काही काळ काम करायची परवानगी, मग एच-१बी म्हणजे कंपनीने मागायचा नोकरीचा व्हिसा, असं सगळं पार केलं. त्यामुळे मालकाने "नवीन इंजिनिअर तूच निवड" म्हटलं तेव्हा व्हिसाचं मला सगळं माहीत आहे अशा तोऱ्यात होतो. पण विद्यार्थी म्हणून जे माहीत असतं ते अर्धंच असतं. उरलेलं अर्धं कंपनीच्या फायलीत असतं आणि ती फाईल मी कधी उघडलेलीच नव्हती.

पहिलीच निवड चांगली निघाली आणि वर्षभरात हातची गेली. मुलगी हुशार, ओपीटीवर होती, काम मनापासून शिकली. ओपीटी संपायला दहा दिवस असताना ती मुदत वाढवून घ्यायला लागणारा आय-९८३ नावाचा फॉर्म घेऊन आली: "यावर कंपनीची सही लागेल आणि कंपनीचा ई-व्हेरिफाय नंबर." आमच्याकडे नंबरच नव्हता. मालकाला वाटलं ही काहीतरी महागडी सरकारी भानगड असणार, वकिलाला विचारू. वकील सुट्टीवर. तिने तीन-चार दिवस वाट पाहिली आणि ज्या कंपनीकडे तो नंबर होता तिकडे गेली. तिचं काहीच चुकलं नाही. नंतर कळलं, ई-व्हेरिफाय म्हणजे माणसाला इथे काम करायची परवानगी आहे का ते तपासायची सरकारी व्यवस्था, आणि तिची नोंदणी फुकट असते. ऑनलाइन फॉर्म भरायचा, सरकारसोबतच्या करारावर सही करायची आणि त्यानंतर त्या जागी नेमलेल्या प्रत्येक नव्या माणसाची नोंद त्यात तपासायची, मग तो अमेरिकन नागरिक का असेना. फुकटच्या गोष्टीपायी आम्ही माणूस घालवला.

तुम्ही एखाद्या छोट्या कंपनीत माणसं नेमायच्या जागी नव्याने बसला असाल, तर पहिली गोष्ट ही की ओपीटीच्या पहिल्या १२ महिन्यांत कंपनीला जवळजवळ काहीच करावं लागत नाही. अर्ज विद्यार्थी करतो, फी तो भरतो, कामाच्या परवानगीचं कार्ड (ईएडी) त्याच्या नावाने येतं. तुम्ही फक्त इतरांसारखाच आय-९, म्हणजे कामाची परवानगी तपासल्याचा फॉर्म, भरायचा, कामावर रुजू झाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत. त्यात एक पथ्य पाळा: कोणती कागदपत्रं दाखवायची ते तो माणूस ठरवतो. "तुझं ते ईएडी कार्डच दाखव" असं म्हणणं नियमाविरुद्ध आहे. आमच्या एचआरच्या बाई हे दोनदा बोलून गेल्या होत्या, अगदी सहज.

विद्यार्थ्याच्या बाजूला मात्र एक घड्याळ चालू असतं आणि ते तो सहसा तुम्हाला सांगत नाही, कारण लाजतो. ओपीटी सुरू झाल्यापासून नोकरीविना एकूण ९० दिवसच चालतात. एका उमेदवाराचे ७१ दिवस संपलेले होते आणि आमची रुजू होण्याची नेहमीची पद्धत तीन आठवड्यांची. बेरीज ९२ होते. त्याने धीर करून सांगितलं म्हणून तारीख अलीकडे आणली. आता ऑफर देताना मी स्वतःच विचारतो, रुजू व्हायची काही शेवटची तारीख आहे का.

ही १२ महिन्यांची मुदत संपली की स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या पदवीधरांना आणखी २४ महिने मिळतात. पदवी स्टेम आहे की नाही हे नावावरून ठरवू नका. विद्यापीठ देतं त्या आय-२० कागदावर अभ्यासक्रमाचा कोड असतो, तो बघा. बिझनेस अ‍ॅनालिटिक्ससारखे बरेच कोर्स त्यात बसतात. अर्ज ओपीटी संपण्याआधी ९० दिवसांपासून करता येतो आणि तो वेळेत गेला तर निर्णय येईपर्यंत १८० दिवस काम चालू ठेवता येतं. कंपनीने ई-व्हेरिफायमध्ये असायला हवं आणि आय-९८३मध्ये लिहायचं की हा माणूस काय शिकणार, कोणाच्या हाताखाली, पगार किती. हा फॉर्म मॅनेजरनेच लिहावा, एचआरकडे ढकलू नये. सरकारी माणूस कधी भेटीला आला तर तो कागदावर लिहिलेल्या मॅनेजरलाच शोधणार. माणूस सोडून गेला तर पाच कामाच्या दिवसांत विद्यापीठाच्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचं, हेही तुमचंच काम.

जाता जाता पेरोलचं सांगून टाकतो. एफ-१वरच्या विद्यार्थ्याला साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर लागत नाही. तो ७.६५ टक्के असतो आणि तेवढाच कंपनीचाही वाचतो. आम्ही आठ महिने कापत होतो. परत करताना हिशेबनीस माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती अजून आठवते.

आता मुद्द्याचं. मुलाखतीनंतर मालक एकच प्रश्न विचारायचे: "याला स्पॉन्सर करावं लागेल का?" म्हणजे त्याच्या व्हिसासाठी कंपनीला अर्ज करावा लागेल का. हो म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. मग मी प्रश्न बदलला. याच्या हातात किती मार्च आहेत, ते मोजू या. एच-१बीची नोंदणी वर्षातून एकदाच, मार्च महिन्यात होते आणि त्यातून नावं लॉटरीने निघतात. समजा कोणी मे २०२६ला पदवी घेऊन जूनपासून ओपीटीवर आला आणि पदवी स्टेम असली, तर मुदत जून २०२९पर्यंत जाते. म्हणजे २०२७, २०२८, २०२९ असे तीन मार्च. स्टेम नसेल तर एकच. तीन मार्च हातात असलेल्या माणसाला नेमताना पहिल्याच दिवशी वकिलाचं बिल डोळ्यांसमोर आणायचं कारण नाही. हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा मालकांना पहिल्यांदा सगळं नीट समजलं. आता आमच्या फळ्यावर नावं आणि त्यांपुढे मार्च लिहिलेले असतात.

शेवटच्या मार्चमध्ये नाव निघालं आणि ओपीटी चालू असताना कंपनीने अर्ज दाखल केला, तर ओपीटी संपल्यापासून एच-१बी सुरू होईपर्यंतचा खड्डा कॅप-गॅप नावाची सोय भरून काढते. पूर्वी ही सोय १ ऑक्टोबरपर्यंतच होती. जानेवारी २०२५पासून ती पुढच्या १ एप्रिलपर्यंत वाढली आहे.

नाव निघणं नशिबाचं, पण आता निव्वळ नशिबाचं राहिलेलं नाही. जागा वर्षाला ६५,००० आणि अमेरिकन मास्टर्स किंवा त्याहून वरची पदवी असलेल्यांसाठी आणखी २०,०००. मार्च २०२३मध्ये सुमारे ७ लाख ८० हजार नोंदण्या झाल्या होत्या, कारण एकाच माणसासाठी पाच-पाच कंपन्या नाव घालायच्या. पुढच्या वर्षापासून माणूस एक तर संधी एक असा नियम आला आणि २०२५मध्ये आकडा साडेतीन लाखांच्या आत आला. आणि २०२६च्या हंगामापासून पगाराप्रमाणे चिठ्ठ्या पडतात. श्रम खात्याने प्रत्येक कामासाठी आणि भागासाठी पगाराच्या चार पातळ्या ठरवल्या आहेत. पहिल्या पातळीला एक चिठ्ठी, चौथीला चार. नुकत्याच पास झालेल्या मुलांना हे जाचक आहे, माझ्या मते अन्यायाचंही. पण यात कंपनीच्या हातात काहीतरी आहे. देऊ केलेला पगार दुसऱ्या पातळीच्या जरा खाली अडकला असेल, तर तो तेवढा वाढवणं परवडतं का ते बघा. पगार खरा द्यावा लागेल, नुसता कागदावर नाही.

खर्चाची भीतीही अर्धी ऐकीव असते. २५ किंवा त्याहून कमी माणसांच्या कंपनीला नोंदणीचे २१५ डॉलर आणि नाव निघालं तर अर्जाचे ४६०, प्रशिक्षण शुल्क ७५०, फसवणूक-प्रतिबंधक शुल्क ५०० आणि आश्रय कार्यक्रमाचे ३००. म्हणजे सरकारी शुल्क २,२२५ डॉलर, वर वकील. प्रशिक्षण शुल्क कर्मचाऱ्याच्या पगारातून वळतं करणं बेकायदा आहे. "मी अर्धे भरतो" असं पोरं अगतिक होऊन म्हणतात. ऐकू नका.

मग ते एक लाख डॉलरचं काय? नव्या एच-१बी अर्जासाठी एक लाख डॉलर भरावे लागतील, या सप्टेंबर २०२५च्या सरकारी घोषणेने आमच्याकडे दोन दिवस कोणी धड झोपलं नाही. ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशन खात्याने खुलासा केला: माणूस देशाबाहेर असेल तर ते लागू. अमेरिकेतच एफ-१वर असलेल्याचा दर्जा इथल्या इथे एच-१बीत बदलत असेल तर नाही. म्हणून आता अर्ज दाखल झाल्यावर मी प्रत्येकाला बसवून एकच गोष्ट सांगतो: निर्णय येईपर्यंत देश सोडायचा नाही. बाहेर गेलं की दर्जा बदलण्याची मागणी सोडून दिली असं धरतात आणि मग माणूस थेट त्या एक लाखाच्या रांगेत जाऊ शकतो. एकाने बहिणीच्या लग्नाचं तिकीट काढलं होतं. प्रीमियम प्रोसेसिंगचे पैसे भरून पंधरा कामाच्या दिवसांत निर्णय मागवला, तेव्हा कुठे जमलं.

सगळे मार्च संपले आणि नाव नाहीच निघालं, असंही होतं. कॅनडा-मेक्सिकोच्या नागरिकांना टीएन, ऑस्ट्रेलियनांना ई-३, सिंगापूर-चिलीवाल्यांना एच-१बी१ असे वेगळे दरवाजे आहेत. भारतीय पासपोर्टला ते बंद. आमच्या एका मुलाचं तीनदा नाव आलं नाही. तो शेवटी एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेला, कारण विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था यांना ना मर्यादा लागू ना लॉटरी. पगार कमी, पण तिथे वर्षात केव्हाही अर्ज करता येतो. तो अजूनही आमच्या पॅनलमधल्या चुका फोन करून दाखवतो.

ग्रीन कार्डचा विषय उमेदवार पहिल्याच भेटीत काढतात. भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब आहे की मी कधीच आश्वासन देत नाही. एवढंच सांगतो की एच-१बीची सहा वर्षं संपण्याआधी आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज, मंजूर झाला तर मुदत पुढे वाढत राहते, म्हणून प्रक्रिया कोणत्या वर्षी सुरू करू ते आम्ही लिहून देतो. सध्या ते "तिसरं वर्ष" असं लिहितो. मालकांना "चौथं" हवं होतं, त्यावर अजून वाद चालू आहे.

आणि मुलाखतीत विचारायचा प्रश्न फक्त हा: "आता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप लागेल का?" देश कोणता, पासपोर्ट कोणता, हे विचारायचं नाही. उत्तर "हो" आलं की मी फॉर्मवर खूण करतो आणि पंपाच्या सर्किटकडे वळतो. तारखांचा हिशेब ऑफर स्वीकारल्यानंतर, दोघांनी मिळून, फळ्यापाशी उभं राहून.