शिवसागराच्या अनोळखी पाण्यात उतरण्यापूर्वी

कोयनेच्या शिवसागर जलाशयात, जिथला तळ कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही अशा जागी टेक्निकल डाइव्ह (नेहमीच्याहून खोल, वर येताना थांबे घ्यावे लागणारी बुडी) करावयाची असेल, तर तयारीची यादी परतीच्या रस्त्यापासून लिहावयास घ्यावी. धरण भरलेले असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते. जलाशयाकाठच्या बामणोलीहून साताऱ्यास यावयाचे तर सुमारे १,२०० मीटर उंचीचे कास पठार ओलांडावे लागते, आणि तापोळ्याहून निघाल्यास त्याहूनही उंच महाबळेश्वर वाटेत येते. खोल पाण्यातील दाबामुळे शरीरात मुरलेला नायट्रोजन पाण्याबाहेर आल्यावरही कित्येक तास निघत राहतो, त्यामुळे त्या अवस्थेत गाडीत बसून घाट चढणे म्हणजे डिकॉम्प्रेशन (थांबत-थांबत वर येऊन तो वायू हळूहळू निघू देणे) अर्धवट सोडून आणखी वर जाणे होय. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या सल्ल्यानुसार विमानप्रवासापूर्वी एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, लागोपाठच्या डाइव्हनंतर १८ तास आणि डिकॉम्प्रेशनचे थांबे घ्यावे लागले असल्यास १८ तासांहून बरेच अधिक थांबावे. कासच्या चढालाही मी हाच हिशेब लावतो आणि डाइव्हनंतरची रात्र व पुढचा पूर्ण दिवस काठावरच मुक्काम धरतो.

याच पानावर अपघाताची वाट लिहून ठेवावी. सांधे दुखू लागले, हातापायांना मुंग्या आल्या किंवा बोलणे अडखळले, तर रुग्णास शुद्ध ऑक्सिजन लावूनच हलवावे लागेल. तो ऑक्सिजन पुण्या-मुंबईपर्यंतच्या प्रवासास पुरेल इतका असावा, आणि तिथले कोणते उच्चदाब कक्ष पाणबुड्यांना उपचारासाठी घेतात हे आधी फोन करून निश्चित केलेले असावे, कारण केवळ जखमा भरून काढण्यासाठी वापरले जाणारे कक्ष यासाठी पुरे पडतीलच असे नाही. धरणाजवळच्या कोयनानगरकडून पाटण-कऱ्हाडला जाणारा रस्ता चढत नाही, उतरत जातो. म्हणून लाँचने त्या टोकास पोहोचता येईल का, याची विचारणा परवानगीच्या अर्जातच करावी.

परवानग्या जलसंपदा आणि वन या दोन्ही विभागांच्या लागतात, कारण जलाशयाचा परिसर कोयना अभयारण्यात आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो. वीजगृहांकडे पाणी नेणाऱ्या मुखांपासून फार दूरची जागा निवडावी. आत ओढणाऱ्या पाण्याशी कोणाचीही ताकद चालत नाही, आणि ती ओढ वरून दिसतही नाही.

जागेची ओळख मात्र सवडीने करून घ्यावी. १९६० च्या दशकाच्या आरंभी येथे पाणी साठू लागले, त्यामुळे त्या वेळी दहा वर्षांची असलेली धरणग्रस्त गावांतील माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. देऊळ कुठे होते, विहीर कुठे होती, ओढा कोणत्या बाजूने नदीस मिळत असे, हे त्यांच्याइतके नेमके कोणीच सांगू शकणार नाही. त्यांच्याजवळ बसून कागदावर गाव काढून घ्यावे, तो धरणापूर्वीच्या नकाशाशी ताडून पाहावा, आणि मे महिन्यात पाणी ओसरल्यावर जी जमीन उघडी पडते तीवर स्वतः चालावे. बांध, खोडांचे बुंधे, पडक्या भिंतींची टोके यांची नोंद करावी. पुढे पाणी भरल्यावर होडीतून सोनार फिरवला म्हणजे पडद्यावरील उंचवटा घराचा की खडकाचा, हे ओळखता येते. कोणाच्या तरी घरावरून आपण पोहत आहोत, याचे भान ठेवून खालची कोणतीही वस्तू हलवू नये.

हिशेबाच्या कागदावर उंचीसाठी स्वतंत्र ओळ हवी. या पातळीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ९३ टक्के असतो, त्यामुळे येथील ४० मीटरची डाइव्ह समुद्रासाठी केलेल्या डिकॉम्प्रेशनच्या तक्त्यांवर ४३ मीटरची समजून धरावी लागते. डाइव्ह कॉम्प्युटर (खोली व वेळ मोजणारे मनगटावरील यंत्र) उंची आपोआप ओळखतो की हाताने लावावी लागते, हे प्रत्येकाने घरीच तपासावे. सातारकर मुळात जलाशयाहून उंचावर राहतो; मालवण-मुंबईहून येणाऱ्या सोबत्याने मात्र या उंचीला सरावण्यासाठी काठावर १२ तास काढूनच पाण्यात उतरावे.

वायूचा हिशेब लिटरमध्ये मांडावा. बारा-बारा लिटरचे दोन सिलिंडर २०० बारला भरले, तर ४,८०० लिटर वायू होतो आणि त्याचा तिसरा हिस्सा १,६०० लिटर: एक हिस्सा जाण्यासाठी, एक परतण्यासाठी, एक राखीव. मिनिटाला २० लिटर श्वास घेणाऱ्यास ४० मीटरवर ९६ लिटर लागतात, म्हणजे तो हिस्सा सोळा-सतरा मिनिटांत संपतो. परंतु एकाचा वायू बंद पडून दोघे घाबरून मिनिटाला तीस-तीस लिटर ओढू लागले, तर राखीव तिसरा हिस्सा साडेपाच मिनिटेच पुरतो. म्हणून अनोळखी जागी पहिल्या खेपेस मी जाण्यासाठी तिसऱ्याऐवजी चौथाच हिस्सा धरतो. या खोलीवर साध्या हवेची गुंगी येते, म्हणून हेलियम मिसळलेला ट्रायमिक्स घ्यावा. डिकॉम्प्रेशनसाठीच्या ५० टक्के नायट्रॉक्सच्या (निम्मा ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाच्या) सिलिंडरवर पांढरी पट्टी लावून तीवर मोजलेले प्रमाण, तारीख आणि ‘२१ मीटर’ (याहून खोल तो वायू घेऊ नये) हे शब्द दुरून वाचता येतील इतके मोठे लिहावेत. मोजणी जो श्वास घेणार त्यानेच करावी.

गाळाविषयी कितीही सांगितले तरी थोडेच. पायातल्या पंखाचा एक फटका तळाला लागला की तांबूस ढग उठतो, टॉर्चचा उजेड त्यावर आपटून परत येतो आणि स्वतःच्या मनगटावरील आकडेही दिसेनासे होतात. म्हणून पृष्ठभागावरील बोयापासून तळापर्यंत सोडलेल्या दोरास तीन-तीन मीटरवर गाठी असाव्यात, त्याच दोरास रीलचा धागा बांधून पुढे जावे, आणि डोळे मिटून गाठी मोजत वर येण्याचा सराव आधी उथळ पाण्यात करावा. भोई मंडळींच्या तुटलेल्या नायलॉन जाळ्या पाण्यात दिसत नाहीत. प्रत्येकाजवळ कापण्याची दोन साधने असावीत, त्यांपैकी एक डाव्या आणि एक उजव्या हातास पोहोचेल अशी.

शेवटचा कागद होडीवाल्या काकांच्या हाती द्यावा. कोण उतरले, किती वाजता उतरले, किती वाजेपर्यंत ते वर दिसले पाहिजेत, न दिसल्यास कोणास फोन करावयाचा आणि त्यासाठी काठावर नेमक्या कोणत्या ठिकाणी उभे राहिले म्हणजे रेंज येते, हे त्यावर मराठीत ठळक लिहावे आणि होडी सोडण्यापूर्वी त्यांच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावे.