जेल व्हिजिटला जाणार असाल तर आधी हे वाचा

अशासकीय अभ्यागत, म्हणजे जेलची पाहणी करायला नेमलेला बाहेरचा नागरिक, म्हणून नेमणूक झाली किंवा गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडून पॅरालीगल व्हॉलंटिअर (कायद्याच्या कामात मदत करणारा स्वयंसेवक) म्हणून जेलमध्ये जायचं ठरलं की सगळ्यांचा प्रश्न एकच, आत जाऊन नेमकं बघायचं काय? मी पहिल्यांदा गेले तेव्हा किचन बघितलं, लायब्ररी बघितली, शिवणकामाचा विभाग बघितला, एका बॅरकच्या दारात उभं राहून "काही तक्रार आहे का" विचारलं, कोणीच काही बोललं नाही, मग व्हिजिट बुकात "समाधानकारक" लिहून बाहेर पडले. पुढच्या वेळी त्याच बॅरकमध्ये एक पोरगा भिंतीला टेकून बसलेला दिसला, एका कानातून पू येत होता. शेजारचा म्हणाला मॅडम ह्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, डॉक्टर आले की दारातून नावं पुकारतात, ह्याला कळतच नाही. दवाखान्याचं रजिस्टर मागवलं तर त्याच्या नावापुढे सहा वेळा शेरा, "हजर राहिला नाही". मी "समाधानकारक" लिहिलं त्या दिवशीही तो तिथेच बसलेला होता.

म्हणून पहिलं सांगते, ज्याला सगळ्यात जास्त त्रास आहे तो तुमच्याकडे येऊन बोलणार नाही. त्याला तुम्हीच शोधायचं आहे, सगळी व्हिजिट त्या हिशोबानं आखायची.

जाण्याआधी कागद मागवून ठेवा. क्षमता किती आणि आत्ता बंदी म्हणजे कैदी किती, कच्चे (खटला अजून चालू असलेले) किती, पक्के (शिक्षा झालेले) किती, ६० च्या वरचे किती, गरोदर बायका, आईबरोबरची लहान मुलं, अपंग, मनोरुग्ण म्हणून औषध चालू असलेले, टीबी आणि एचआयव्हीचे पेशंट, तृतीयपंथी, परदेशी नागरिक, आणि वर्षभरात एकदाही मुलाखत, म्हणजे घरच्यांची भेट, न झालेले. ही शेवटची यादी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ज्याला बाहेरून कोणी भेटायला येत नाही, ज्याच्या खात्यावर मनीऑर्डर येत नाही, तो कॅन्टीनमधून साबणसुद्धा घेऊ शकत नाही, मग दुसऱ्याचे कपडे धुऊन, पाय चेपून दिवस काढतो आणि त्याला कोणीही काहीही करायला लावू शकतं. यादी तयार नाही असं सांगितलं तर तेच रिपोर्टमध्ये लिहा. अपंग किती आहेत हे माहीत नसणं हीच मोठी बातमी आहे.

अधिकार काय आहे तेही माहीत हवं, नाहीतर गेटवरच ऐकून घ्यावं लागतं. १९७९ मध्ये तिहारमधल्या सुनील बत्रा या फाशीच्या कैद्यानं, दुसऱ्या एका कैद्याचा वॉर्डरनं (जेलच्या पहारेकऱ्यानं) छळ केला म्हणून सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, कोर्टानं ते पत्रच याचिका म्हणून घेतलं आणि तक्रार पेट्या, न्यायाधीशांच्या भेटी, कैद्याशी एकांतात बोलण्याची मुभा हे सगळं निकालात आलं. २०१५ च्या डी. के. बसू प्रकरणातल्या आदेशात सुप्रीम कोर्टानं जेलमध्ये सीसीटीव्ही आणि अशासकीय अभ्यागत नेमण्याबद्दल सांगितलं, आणि २०१६ च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये अभ्यागत मंडळावर वेगळं प्रकरण आहे. म्हणजे तुम्ही पाहुणे म्हणून जात नाही. हे भांडायला नाही, शांतपणे सांगायला लक्षात ठेवा.

आत गेल्यावर त्यांनी आखलेल्या रस्त्यानं फिरा पण तिथेच थांबू नका. संडास बघा, पाणी सोडून बघा, आतून कडी लागते का बघा. मॅन्युअलप्रमाणे रात्री दर १० बंद्यांमागे एक संडास हवा, मोजायला दोन मिनिटं लागतात. मग आजारी बॅरक, वेगळी कोठडी, अंडा सेल (कडक बंदोबस्ताच्या कोठड्या) असेल तर तोही. वेगळं ठेवलेल्या माणसाला विचारा किती दिवस झाले आणि दिवसातून किती वेळ बाहेर काढतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत, दिवसाला २२ तास किंवा जास्त माणसांशी नीट संबंध न येता ठेवलं तर तो एकांतवास, आणि तो सलग १५ दिवसांच्या वर गेला तर दीर्घ एकांतवास, ज्याला मनाई आहे. "त्याच्याच सुरक्षिततेसाठी ठेवलंय" हे उत्तर बऱ्याचदा मिळतं, कधीकधी खरंही असतं, पण मग त्रास देणारा मोकळा आणि त्रास झालेला कोठडीत असं का, हे विचाराच.

बोलायचं कसं हा सगळ्यात नाजूक भाग. कर्मचारी सोबत असताना तक्रार विचारू नका, त्यानं काही होत नाही उलट नुकसान होतं. कैदी वॉर्डर (पहाऱ्याचं काम दिलेले कैदी) आणि रायटर (लिखापढीचं काम दिलेले कैदी) हेही कर्मचाऱ्यांसारखेच धरा, सगळी बातमी त्यांच्यातर्फेच पोचते. कर्मचारी दिसतील पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभे राहू द्या. आणि एकाच माणसाला बाजूला घेऊ नका, १५-२० जणांना एकेक करून बोलवा, प्रत्येकाला तेवढाच वेळ द्या, म्हणजे नंतर कोण बोललं हे ओळखता येत नाही. "मारतात का" असं विचारलं तर "नाही मॅडम सगळं चांगलंय" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा काल रात्री कुठे झोपलास, शेजारी कोण होतं, आजारी पडलास तर आधी कोणाला सांगतोस, अंघोळीला पाणी कधी मिळतं, वकिलाचं नाव काय, असं विचारा. एका म्हाताऱ्या बाबांना मी जेवणाबद्दल विचारलं तर ते म्हणाले संध्याकाळनंतर मी पाणीच पीत नाही. का, तर रात्री उठता येत नाही, दोन ओळी झोपलेल्या माणसांवरून जावं लागतं, एकदा कोणाच्या हातावर पाय पडला आणि शिव्या खाल्ल्या. मधुमेह असलेला माणूस लघवीच्या भीतीनं रोज तहानलेला झोपत होता. त्यांना संडासाजवळची भिंतीकडची जागा आणि एक वॉकर, एवढ्यावर प्रश्न सुटला, पण त्यासाठी कोणीतरी विचारावं लागलं.

वस्तू साधीच असते पण तिच्याशिवाय माणूस मोडतो. आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या फादर स्टॅन स्वामींना पार्किन्सन्स (हात थरथरण्याचा आजार) होता, २०२० मध्ये तळोजा जेलमध्ये असताना स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला होता. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, कुबडी, सॅनिटरी पॅड, ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या आणि प्रत्येक बॅरकमध्ये विचारा.

बायकांच्या विभागात शक्यतो बाईनंच जावं. झडती कोण घेतं, रात्री किल्ली कोणाकडे असते, गरोदर बाईला तपासणीला बाहेर नेतात का हे बघा. मुलं ६ वर्षांपर्यंत आईजवळ राहू शकतात, २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालात त्यांच्या खाण्याचं, औषधाचं, शिकण्याचं सगळं लिहिलंय, तर त्या मुलाला वेगळं दूध मिळतं की आईच्याच वाट्यातलं, हे आईला विचारा, रजिस्टरला नको. मानसिक आजाराबद्दल २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०३ दाखवा, त्यात जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं दर तीन महिन्यांनी त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाकडे रिपोर्ट पाठवायचा आहे, शेवटचा रिपोर्ट बघायला मागा. आणि साफसफाईचं काम कोणाला दिलंय त्यांची नावं बघा. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं जेलमधली जातीवरची कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला, तो गेलाय का ते तुम्ही स्वतः पान उघडून बघा.

कच्च्या कैद्यांचं एक काम तर तुम्ही बसल्या जागी करू शकता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आणि बाकीच्यांचा अर्धा काळ आत झाला की सुटकेचा विचार व्हायला हवा, फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरीही अडतं. कोर्टाला अर्ज करायची जबाबदारी अधीक्षकांची आहे. यादी मागा, तारखा मोजा, नावं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्या. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे, घरच्यांना विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा हेल्पलाइन नंबर सांगा.

रिपोर्ट त्याच दिवशी लिहा. "स्वच्छता सुधारावी" लिहू नका, "बॅरक अमुक, ९४ माणसं, ५ संडास, त्यातले २ बंद" असं लिहा, म्हणजे कोणाला टाळता येणार नाही. बंद्याचं नाव त्याच्या परवानगीशिवाय लिहू नका, आणि एकच अपंग माणूस असलेल्या बॅरकमध्ये "एका अपंग बंद्यानं सांगितलं" लिहिलं तर ते नाव लिहिल्यासारखंच आहे. मारहाणीची खूण दिसली तर मात्र थांबू नका, जागा, रंग, आकार लिहून घ्या, तपासणीची लेखी मागणी करा आणि त्याच संध्याकाळी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवा.

मग १०-१५ दिवसांत परत जा, न सांगता. ज्यांच्याशी बोललात त्या सगळ्यांना पुन्हा बोलवा आणि बघा कोणाची बॅरक बदलली, कोणाची मुलाखत बंद झाली, कोणाला दुसऱ्या जेलला पाठवलं. एखादा नजर चुकवायला लागला असेल तर त्याच्याकडे आत्ता काही विचारू नका, फक्त रजिस्टरमधून त्याच्या बदलीची तारीख उतरवून घ्या आणि ती तुमच्या आधीच्या भेटीच्या तारखेशेजारी लिहून न्यायाधीशांकडे पाठवा. तो कानाचा पोरगा मला पुढे दोन वेळा भेटला. आता डॉक्टर आले की शेजारचा त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला उठवतो, आणि ही जबाबदारी त्या शेजाऱ्याची आहे असं जेलच्या कागदावर लेखी आहे, कारण तो शेजारी सुटला की दुसऱ्याला नेमावं लागणार आहे.