कॅथलिक-प्रोटेस्टंट लग्न ठरलंय? पत्रिका छापण्याआधी या चुका टाळा

"दोघंही ख्रिस्तीच की! मग अडचण कसली?"

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात हे वाक्य पंधरा दिवस फिरत होतं. आम्ही कोल्हापूरचे प्रोटेस्टंट. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर इथं आले आणि त्यांचं काम पुढे प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं, त्या वळणातलं आमचं घर. मुलगा आजऱ्याचा, कॅथलिक, घरात कोंकणी बोलणारा. साखरपुडा झाला, हॉल ठरला, साडेतीनशे पत्रिका छापून आल्या आणि महिन्याभरात त्या सगळ्या रद्दीत गेल्या.

पत्रिकेवर दोन ओळी होत्या. सकाळी दहाला त्यांच्या चर्चमध्ये पवित्र विवाहविधी, संध्याकाळी पाचला आमच्या चर्चमध्ये पवित्र विवाहविधी. दोन्ही व्याही खूश. पहिली पत्रिका फादरांना द्यायला गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "एकाच मुलीशी लग्न किती वेळा लावताय?"

शपथ दोनदा घ्यायची नाही

सगळ्यात जास्त घरं इथंच चुकतात. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतलं ११२७ वं कलम सांगतं, की वचनं एकदाच द्यायची. आधी किंवा नंतर दुसऱ्या चर्चमध्ये तीच वचनं पुन्हा घेता येत नाहीत. फादर आणि पाळकसाहेब (प्रोटेस्टंट चर्चचे धर्मगुरू) शेजारी उभे राहून दोघांनी आपापल्या पद्धतीनं "तुला हा पती मान्य आहे का?" विचारणंही चालत नाही. दुसऱ्यानं बायबलमधला उतारा वाचावा, प्रार्थना करावी, दोन शब्द बोलावेत, आशीर्वाद द्यावा, याला कुणाची ना नाही. आम्ही संध्याकाळची ओळ बदलून 'आभार-उपासना' केली. अंगठ्या नाहीत, शपथ नाही. गाणी, संदेश आणि प्रार्थना. आजी म्हणाली, "हेच बरं, निवांत बसता आलं."

आधी हॉल, मग फादर हा उलटा क्रम

कॅथलिक माणसानं दुसऱ्या पंथातल्या बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला चर्चची स्पष्ट परवानगी लागते. फादर अर्ज भरून घेतात आणि तो वर पाठवतात. २००५ पासून कोल्हापूर जिल्हा सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आहे, म्हणजे कागद घाट उतरून धर्मप्रांताच्या प्रमुखांकडे, बिशपांकडे जातो. त्यात लग्नपूर्व शिबिर असतं, चर्चमध्ये नावं वाचली जातात. म्हणून सहा महिने आधी कॅथलिक बाजूच्या फादरांकडे, लगेच आपल्या पाळकांकडे, मग तारीख, मग हॉल. (आपल्याला मुहूर्त लागत नाही. बिनमुहूर्ताच्या तारखेला कोल्हापुरात हॉलवाला स्वतःहून भाव कमी करतो, एवढा फायदा सोडू नका.)

लग्न प्रोटेस्टंट चर्चमध्येच लावायचं असेल तर तेही होतं, पण त्यासाठी कॅथलिक व्यक्तीच्या बिशपांकडून वेगळी सूट घ्यावी लागते. ती न घेता पाळकांकडे किंवा नुसतं कोर्टात लग्न लावलं, तर सरकारदरबारी ते पक्कं असतं, कॅथलिक चर्चच्या लेखी मात्र नसतं. असं झालंच असेल तर घाबरू नका. फादरांना भेटा, ते नंतरही नियमित करून घेता येतं.

बाप्तिस्म्याचा दाखला गृहीत धरू नका

पाण्यानं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावानं झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. तो पुन्हा घ्यायला लावत नाहीत, कुणी काकू काहीही सांगोत. पण मुलगा किंवा मुलगी मुक्तिफौजेतली (सॅल्व्हेशन आर्मीतली) असेल तर लक्ष द्या: तिथं बाप्तिस्मा देतच नाहीत. मोठेपणी बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीतल्या आणि तो अजून न घेतलेल्या व्यक्तीचंही तेच. अशा वेळी नुसती परवानगी पुरत नाही, वेगळी सूट लागते, आणि तिच्याशिवाय लग्न चर्चच्या लेखी ग्राह्यच नसतं.

कॅथलिक बाजूनं जुना, लॅमिनेट केलेला दाखला आणू नये. सहसा सहा महिन्यांच्या आतला मागतात, कारण लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात त्याच नावापुढे होते; ताज्या दाखल्यावरून माणूस अविवाहित आहे हे कळतं. गावाकडच्या चर्चचं जुनं रजिस्टर सापडत नसेल, तर बाप्तिस्म्याला हजर असलेल्या विश्वासू माणसाचं लेखी निवेदन चालतं का, ते विचारा. आमच्या आत्याचं निवेदन चाललं.

मुलांच्या प्रश्नावर अर्धवट ऐकून भांडण

आमच्याकडे खरी ठिणगी इथं पडली. कुणीतरी बाबांना सांगितलं, "तुमच्या मुलीकडून लिहून घेणार, की मुलं कॅथलिकच." बाबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. कागद प्रत्यक्ष पाहिला तेव्हा वेगळंच निघालं. लिहून द्यायचं होतं ते जावयाला: आपला विश्वास सोडणार नाही आणि सगळ्या मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून आपल्याकडून होईल तेवढं सगळं करीन. बहिणीकडून काही वचन नव्हतं. जावयानं काय वचन दिलंय, हे तिला सांगणं तेवढं सक्तीचं होतं.

तरी वचन ते वचनच. "बघू पुढचं पुढे" म्हणून सही ठोकणं मला पटत नाही. त्या दोघांनी रंकाळ्यावर तीन संध्याकाळी बसून हा विषय संपवला आणि मगच सही केली. काय ठरवलं ते आम्हाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

बाकीचं थोडक्यात

मिस्सासह (ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेसह) विधी ठेवला तर प्रसाद घेता न येणारी अर्धी वऱ्हाडी मंडळी त्या वेळी बाकावर बसून राहतात आणि मनाला लावून घेतात. मिस्साशिवायचा विवाहविधी घ्या. वाचन निवडताना तोबितच्या पुस्तकातलं निवडू नका. कॅथलिक लग्नात ते आवडीनं वाचतात, पण आपल्या बायबलच्या ६६ पुस्तकांत ते नाहीच. १ करिंथ १३, म्हणजे प्रीतीवरचा अध्याय, दोघांचाही आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं लग्नाची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात. खास परवान्याचे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर वधूला पार्लरमध्ये बसवून ठेवू नका. चाळीस दिवसांच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी हळद आणि तांबडा-पांढरा ठेवलात तर मुलाकडचे भातावर वरण घेऊन उठतील.

आणि प्रभूची प्रार्थना. अशा विधीत कॅथलिक मंडळी "वाइटापासून सोडव" म्हणून आमेन म्हणतात, आपण पुढे "कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव" म्हणत जातो. आम्ही छापील कागदावर त्या ओळीशी ठळक 'आमेन' टाकलं होतं. सगळे थांबले. पहिल्या बाकावरच्या मावशी मात्र डोळे मिटून, खड्या आवाजात, एकट्याच शेवटपर्यंत गेल्या. फादर त्यांचं संपेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "आमेन."