ठाण्यात पावसाळ्यात जुनं व्हायोलिन घेताय? आधी हे तपासा

आत स्ट्राडिव्हेरियसचं लेबल दिसलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, इटलीतल्या क्रेमोनाचा नामांकित व्हायोलिन बनवणारा आंतोनियो स्ट्राडिव्हेरी १७३७ मध्ये गेला आणि त्याच्या नावाची लेबलं नंतर कारखान्यांतल्या हजारो व्हायोलिनांत चिकटवली गेली. लेबल सोडा, लाकूड बघा. वरची पाटी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, मागची मेपल या कठीण लाकडाची असावी. कडेने जाणारी बारीक काळी रेघ लाकडात बसवलेली आहे की नुसती रंगवलीय ते नीट बघा, कारण बसवलेली असेल तर कडेचा तडा आत शिरायला अडतो.

आता बोटाने कडेकडेने टिचक्या मारत फिरा, कुठे खडखड आवाज आला तर तिथला जोड सुटलाय. घाबरू नका! व्हायोलिन मुद्दाम सरसाने (प्राण्यांच्या कातड्यापासून केलेल्या डिंकाने) जोडतात, म्हणजे पुढे दुरुस्तीला उघडता यावं, पण हाच सरस आपल्या ठाण्याच्या जुलैतल्या दमट हवेत सैल होतो. तिथे फेविकॉल अजिबात नको, प्लीज, मग पुढचा कारागीर लाकूड न फाडता ते उघडूच शकत नाही.

मग एफच्या आकाराच्या भोकातून टॉर्च मारा, ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी पट्टीच्या) सगळ्यात पातळ तारेकडच्या पायामागे छोटी उभी काठी दिसेल, तो साउंडपोस्ट. तो चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबावर उभा असतो. पडलेला असेल तर सगळ्या तारा सैल करा आणि तसंच कारागिराकडे न्या, तारा ताणलेल्या राहिल्या तर वरची पाटी चिरू शकते.