लग्नातलं उरलेलं जेवण, घरचं रेशन आणि थोडे पैसे: फूड बँकेला नीट कसं द्यायचं

लग्न, मुंज, बारसं काहीही असो, फूड बँकेला, म्हणजे उरलेलं अन्न गोळा करून गरजूंना वाटणाऱ्या संस्थेला, फोन दोन दिवस आधी करा. रात्री साडेअकराला पंगती उठल्यावर "आमच्याकडे दीडशे माणसांचं उरलंय, घेऊन जा" असं सांगून काही होत नाही, तेव्हा व्हॉलंटियर कुठून मिळणार आणि मिळाला तरी जेवणारे जागे हवेत ना! मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी डबेवाल्यांना सोबत घेऊन उभी केलेली रोटी बँक आहे, शिवाय रॉबिन हूड आर्मीचे ग्रुप बऱ्याच शहरांत आहेत, ते पैसे घेतच नाहीत, अन्न आणि तुमचा वेळ घेतात.

मग केटररला गाठा. जे पातेल्यातून बाहेरच निघालं नाही तेवढंच द्यायचं, बुफेवर मांडलेलं नाही. शिजलेलं अन्न ५ ते ६० डिग्रीच्या मधे राहिलं की जंतू भराभर वाढतात, म्हणजे एकतर वाफाळतं ठेवा नाहीतर फ्रिजमधे. मसालेभाताला जास्त जपा, पातेल्यात तासन्‌तास गार होत पडलेला भात दिसायला झकास, वासही येत नाही, आणि पोटाची पार वाट लावतो. ओल्या नारळाची चटणी, मठ्ठा, बासुंदी सरळ वगळा. पोळ्या गरमगरम प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घाम सुटून लगदा होतो, कापडात गुंडाळा. डब्यावर पदार्थाचं नाव आणि शिजवल्याची वेळ लिहा.

रेशन द्यायचं असेल तर तूरडाळ, तेल, पोहे, मीठ, साखर, चहा. एकेक किलोची पाकिटं बरी, वाटायला सोपी जातात, मोठं पोतं फोडून मापत बसायचं काम कोणालातरी लागतं. पावसाळ्यात कणीक कमी द्या, लगेच पोरकिडे होतात. आणि प्लीज, कपाट आवरताना सापडलेलं एक्स्पायरी उलटलेलं सूप म्हणजे दान नव्हे! दिवाळीला सगळेच देतात, तुम्ही मे-जूनमधे द्या.

पैसे देताना ८०जी, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट, मिळते का ते विचारून घ्या. २००० रुपयांच्या वर कॅश दिली तर सूट नाही, वस्तू दिल्या तरी नाही, आणि टॅक्सची नवी रिजीम घेतली असेल तर हा विषयच संपला. बाकीच्यांनी यूपीआय किंवा चेकने द्या आणि देणगीचं सर्टिफिकेट (१०बीई) मागून घ्या.

हे काहीच जमत नसेल तर निदान गाडी घेऊन जा, हॉलपासून वस्तीपर्यंत जेवण पोचवायला कोणीतरी लागतंच.