सीएसआरच्या कामात उतरताय? मग आधी विचारा, 'नंतर कोण सांभाळणार?'

सीएसआर म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. या विभागात नव्याने आलेल्या मुलामुलींशी बोलताना जाणवतं, की बहुतेकांच्या डोक्यात हे काम म्हणजे कंपनीचे पैसे गरजूंपर्यंत पोचवणं. मी आधी एका स्वयंसेवी संस्थेत होते, नंतर एका कंपनीच्या सीएसआर विभागात आले. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर माझं मत पक्कं झालंय: पैसे मंजूर होणं हा यातला सोपा भाग आहे. कंपनी, सरकारी यंत्रणा आणि गाव या तिघांनी मिळून, प्रकल्पाची मुदत संपल्यावर तो कोण चालवणार हे सुरुवातीलाच ठरवणं, ही खरी मेहनत आहे.

कायदा आधी नीट वाचून घ्या. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, त्याची सातवी अनुसूची (कोणती कामं सीएसआरमध्ये धरता येतात त्यांची यादी) आणि सीएसआर नियम एवढं वाचलं तरी पाया तयार होतो. मागच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू आहे. सुरुवातीला खर्च झाला नाही तर अहवालात कारण दिलं की भागायचं. २२ जानेवारी २०२१ पासून ते बदललं. आता सुरू असलेल्या प्रकल्पाचा न वापरलेला पैसा वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवावा लागतो आणि तीन वर्षांत वापरावा लागतो. इतर शिल्लक रक्कम सहा महिन्यांत सातव्या अनुसूचीतल्या निधीत जमा करावी लागते, नाहीतर दंड होतो. स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरत्याच सोयी, नेहमीच्या धंद्याचा भाग असलेली कामं, जाहिरातीसाठीचं प्रायोजकत्व आणि राजकीय पक्षाला दिलेली देणगी यात धरता येत नाही.

फील्डवर गेल्यावर पहिली अडचण येते ती वेळापत्रकाची. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून जानेवारी उजाडला की खर्चाची घाई सुरू होते. जिल्हा परिषदेत बदल्यांचा हंगाम असतो. ज्या अधिकाऱ्याने प्रस्ताव समजून घेतला होता त्याच्या जागी नवीन व्यक्ती येते आणि सगळं पहिल्यापासून समजावावं लागतं. मध्येच निवडणूक लागली तर आचारसंहिता संपेपर्यंत फाईल जागची हलत नाही. गावाचं वर्ष तर तिसरंच. पेरणीच्या दिवसांत बैठकीला कोणी येत नाही. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर अर्धं गाव कारखान्यांकडे गेलेलं असतं आणि नेमक्या त्याच महिन्यांत कंपनीला महिलांच्या प्रशिक्षणाचे आकडे हवे असतात. म्हणून माझा आग्रह असतो, की प्रकल्पाचा आराखडा करताना तिन्ही वेळापत्रकं एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. कोणत्या महिन्यात काय शक्य आहे ते त्यातून लगेच दिसतं, आणि कंपनीतल्या वरिष्ठांना तो एक कागद दाखवला की हप्त्यांच्या तारखा बदलून घेणंही सोपं जातं.

या तिघांत गावाचा आवाज सर्वांत क्षीण असतो, कारण त्याच्याकडे लेटरहेड नसतं. शाळेच्या कामांत मात्र त्याला कायद्याने दिलेली जागा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. तरीही कित्येक प्रकल्प मुख्याध्यापकांच्या सहीवरच पुढे सरकतात. एका जिल्हा परिषद शाळेत डिजिटल वर्गाचा प्रस्ताव मांडला तेव्हा आम्ही समितीची बैठक लावायला सांगितली. संचाची किंमत, अभ्यासक्रम, शिक्षकांचं प्रशिक्षण, सगळं सांगून झाल्यावर मागे बसलेल्या एका आईने विचारलं, "आणि वाढलेलं लाईटबिल कोण भरणार?" खोलीतल्या एकाही अधिकाऱ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची बैठक फक्त त्या एका प्रश्नावर झाली. ग्रामपंचायतीने बिलाची जबाबदारी घेण्याचा ठराव केला, कंपनीने छतावर सौर पॅनेल बसवायचं मान्य केलं आणि मगच संच आला. त्या बाईंनी विचारलं नसतं, तर तो संच कपाटात बंद होऊन पडला असता. असे बंद संच मी पाहिले आहेत, आणि दर वेळी पोटात तुटतं. कंपनीच्या अहवालात ते 'पूर्ण' या रकान्यात असतात.

त्यामुळे सामंजस्य करार हातात आला की आधी शेवटचं पान बघा. हस्तांतरणाबद्दल तिथे काय लिहिलंय? 'प्रकल्प पूर्ण झाल्यावर ग्रामपंचायतीकडे सुपूर्द करण्यात येईल' हे वाक्य पुरेसं नाही. पाण्याचं शुद्धीकरण यंत्र असेल तर फिल्टर किती महिन्यांनी बदलायचा, त्याला किती खर्च येतो, तो पाणीपट्टीतून निघेल का, दुरुस्तीसाठी फोन कोणाला करायचा, चालवणाऱ्याला मानधन कोण देणार, हे सगळं लिहून घ्या. मालमत्ता कोणाच्या नावावर राहणार हेही. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती सार्वजनिक प्राधिकरणाकडे, लाभार्थींच्या बचत गटासारख्या समूहाकडे किंवा नोंदणीकृत सेवाभावी संस्थेकडेच असावी लागते. हे अनेकांना यंत्र बसल्यावर कळतं.

सरकारी कार्यालयांबद्दल नव्या लोकांच्या मनात धास्ती असते, ती काढून टाका. गटविकास अधिकारी किंवा गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे जाताना तयार प्रकल्प घेऊन 'परवानगी द्या' म्हणू नका. त्यांच्या योजनेत काय अडलंय ते आधी विचारा. इमारत मंजूर आहे पण प्रशिक्षणाला पैसा नाही, औषधं आहेत पण वाहन नाही, अशी तुटलेली टोकं त्यांना तोंडपाठ असतात. तिथे थोडी रक्कमही मोठं काम करते. सरकारचंच काम कंपनीच्या पैशाने दुसऱ्यांदा करण्यात मात्र काही अर्थ नाही.

संस्थेच्या बाजूने येणार असाल तर करसवलतीसाठीची नोंदणी (आयकर कायदा १९६१ मधली १२ए आणि ८०जी) आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला क्रमांक एवढं तयार ठेवा. अर्थसंकल्प करताना एक गैरसमज हमखास आडवा येतो. प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या आणि त्यावर देखरेख करणाऱ्या फील्डवरच्या माणसांचे पगार त्यात मोडत नाहीत. तरी हीच टक्केवारी दाखवून संस्थांच्या कार्यकर्त्यांचं मानधन कापलं जातं. घरोघरी फिरणाऱ्या मुलीला प्रवासखर्चही मिळत नसेल तर माहिती खरी कशी येणार? नियम नम्रपणे समोर ठेवा आणि ती ओळ अर्थसंकल्पात टिकवा.

शिक्षण काय हवं, असं नेहमी विचारलं जातं. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) किंवा ग्रामीण विकासाची पदवी उपयोगी पडते, पण वाणिज्य आणि अभियांत्रिकीची मुलंही यात उत्तम काम करताना मी पाहिली आहेत. ताळेबंद वाचता येणं आणि ग्रामसभेत दोन तास शांत बसून ऐकता येणं, दोन्ही हवं. कंपनीत थेट जाण्याआधी एखाद्या संस्थेत फील्डवर काम करा.

मुलाखतीच्या तयारीसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर त्या कंपनीचा खर्च बघून जा, कोणत्या राज्यात आणि कोणत्या विषयावर झाला ते. कायद्यात कारखान्याजवळच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितलंय, त्यामुळे पैसा औद्योगिक पट्ट्यात गोळा होतो. २०१८ साली केंद्राने 'आकांक्षित', म्हणजे विकासात मागे राहिलेले आणि खास लक्ष द्यायचे, ठरवलेले आपल्याकडचे गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव हे जिल्हे आणि पुण्या-मुंबईचा पट्टा यांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. मग मुलाखतीत विचारा, की कंपनीचे जुने प्रकल्प आज कोण चालवतंय आणि त्यातला एखादा जाऊन बघता येईल का. मी उमेदवारांच्या मुलाखती घेते तेव्हा हा प्रश्न विचारणाऱ्याचं नाव बाजूला लिहून ठेवते.